खळ्यापासून कचेरीपर्यंत

महामार्ग विसरा. कशेडीचा बोगदा, पोलादपूरच्या नाक्यावरच्या टपऱ्या, महाडच्या औद्योगिक वसाहतीची धुराडी, सगळं नजरेआड करा. साल १९३७, मार्गशीर्ष महिना. तुम्ही सावित्रीच्या वरच्या खोऱ्यातल्या एका वाडीत उभे आहात. पूर्वेला महाबळेश्वराच्या पठाराचे कडे, त्यांच्या अलीकडे प्रतापगडाचा डोंगर. पायांत वहाण नाही, खांद्यावर घोंगडी आहे, आणि तळहातांवर भातकापणीत विळ्यानं पडलेल्या चिरा अजून भरलेल्या नाहीत.

तुम्ही कूळ आहात. ही जमीन तुमच्या आज्यानं डोंगर फोडून, बांध घालून तयार केली. पण कागदावर ती तुमची नाही.

खळं, मार्गशीर्ष १९३७

सकाळपासून झोडणी चालू आहे. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटायच्या, दाणा खाली, पेंढा बाजूला. उन्हं वर येईपर्यंत खळ्यात पिवळी रास उभी राहते. तुम्ही तिच्याकडे बघता आणि वर्षाचा हिशेब मनात मांडू लागता. पण पायली अजून तुमच्या हातात नाही. ती खोताच्या कारकुनासोबत येते.

कारकून येतो. बरोबर दोन गडी आणि मोजायची पायली. पीक शेतात उभं असतानाच तो एकदा येऊन गेला होता. उभ्या पिकाचा अंदाज बांधायचा, त्याला इथं अभावणी म्हणतात. त्यानं बांधलेला अंदाज आणि खळ्यात पडलेली रास यांच्यात फरक निघाला, तर तो तुमच्या अंगावर.

तुमचे बा पुढे होतात. "भाऊसाहेब, यंदा पाऊस लांबला. पोचट दाणा लई हाय."

"पोचट तुझ्या वाट्याला धर," कारकून मान वर न करता म्हणतो.

मापं सुरू होतात. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताचा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी नि वरी पिकते, तिथं तिर्धेल, तिसरा हिस्सा. शंभर पायल्या पडल्या तर पन्नास तुमच्या डोळ्यांदेखत गोणीत भरल्या जातात. बियाणं तुमचं, बैल तुमचे, चिखलणीला कंबर मोडली ती तुमची. उरलेल्या पन्नासातून बियाण्याची रास बाजूला काढायची, गेल्या आषाढात वाण्याकडून सवाईनं उचललेलं धान्य फेडायचं, आणि मग घरात किती महिने चूल पेटेल ते मोजायचं. फाल्गुनापर्यंत भात पुरलं तर देव पावला. पुढे नाचणीची भाकर, वरीचा भात, कुळथाची पिठी, आणि पावसाळ्यात रानातली कंदमुळं.

वाटा देऊन सुटका होत नाही. खोताच्या शेतावर वेठ आहे. जुन्या रिवाजानं आठातला एक दिवस त्याचा. त्याच्या घरी लग्न निघालं की लाकडं फोडायला तुम्ही, कोणी पाहुणा गावाला निघाला की मेणा उचलायला तुम्ही.

इथं जरा थांबा आणि या खळ्यात इंग्रज कुठे आहे ते शोधा. तुम्ही गोरा साहेब जन्मात जवळून पाहिलेला नाही. खोती त्यानं आणलेलीही नाही. आदिलशाहीच्या काळापासून कोकणात खोत आहेत. इंग्रजानं केलं ते वेगळंच. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्यावाड्यांतून एकेका कुळाकडून सारा गोळा करणं त्याला महाग नि जिकिरीचं होतं. त्यानं सगळ्या गावाचा सारा खोताच्या नावावर बांधला. खोतानं ठरलेले हप्ते महाडच्या कचेरीत भरायचे, आणि कुळाकडून काय वसूल होईल ते होईल. मधला फरक म्हणजे खोताचा फायदा. १८८० साली मुंबई सरकारनं खोती समझोत्याचा कायदा केला आणि या व्यवस्थेला शिक्का मिळाला. काही जुन्या कुळांना त्या कायद्यानं वहिवाटीचा हक्क दिला, हे खरं. पण बाकीची कुळं खोताच्या मर्जीवर राहिली. फिर्याद करायची तर मामलेदाराकडे, आणि मामलेदाराला खोताचा हप्ता वेळेवर हवा असतो. साम्राज्याची तिजोरी अशी तुमच्या खळ्यापर्यंत पोचलेली आहे, आणि तिची किल्ली तुमच्याच गावच्या माणसाच्या कमरेला आहे.

खळं झाडून तुम्ही घरी येता. आये चुलीपुढे बसलेली. मीठ चिमटीनं टाकते, मुठीनं नाही. समुद्र इथून एका खाडीच्या अंतरावर, बाणकोटला सावित्री त्याला मिळते, आणि तरीही मिठाच्या मणामागे दीड रुपयाच्या आसपास कर आहे. तुम्ही विकत घेतलेल्या प्रत्येक शेरात सरकारचा वाटा आधीच काढून घेतलेला आहे. घाटावर जाणारे बैलांचे तांडे महाडच्या पेठेतून हेच मीठ लादून वरंध्याच्या वाटेनं चढतात, आणि चढणीगणिक ते महाग होत जातं.

चुलीत जळतंय ते लाकूडही फुकटचं नाही. भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजावा लागतो. झाडाच्या फांद्या, पाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, मग रोप जोमानं येतं. ही कवळ तोडायला तुमचा आजा रानात बिनधास्त जायचा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रान सरकारी झालं. आता गार्ड कोयता काढून घेतो, दंड करतो. याच कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात लोक आपल्याच रानात कोयते घेऊन शिरले. पोलिसांच्या गोळ्यांनी तिथं आठ जण पडले. ती बातमी या खोऱ्यात पोचली, तेव्हा पुष्कळ घरांत कोयत्याकडे बघून माणसं गप्प झाली होती.

चावडीपुढची रात्र

जेवण उरकून तुम्ही चावडीपुढे येता. चुलतभाऊ मुंबईहून आलाय. तो गिरणीत कामाला आहे. या खोऱ्यातलं घर दोन पायांवर उभं असतं: एक पाय शेतात, दुसरा लालबाग-परळच्या चाळीत. तिथून येणाऱ्या मनीऑर्डरीतून इथला खंड भागतो, म्हणजे गिरणीतला घामसुद्धा शेवटी खोताच्या गोणीत जातो. दादानं 'जनता'चा अंक आणलाय. कंदिलाजवळ धरून तो वाचतो, बाकीचे ऐकतात.

बातमी अशी. १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलंय. खोताला भरपाई द्यावी, आणि जमीन कसणाऱ्यानं सारा सरळ सरकारात भरावा, मधला माणूस नको. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला स्थापन होऊन पुरतं दीड वर्षही झालेलं नाही.

"आन् चरीचं काय?" कोणीतरी विचारतं.

अलिबागेकडच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ पासून शेतं ओस ठेवली आहेत. खोताला निम्मं देण्यापेक्षा पेरायचंच नाही. चार वर्षं झाली, माणसं लाकडं विकून, मासळी मारून जगतायत, पण नांगर धरत नाहीत. वाडीतली माणसं हे ऐकून जमिनीकडे बघत राहतात. पोटाला चिमटा घेऊन सरकारला आणि खोताला एकदम नाही म्हणायचं, याचा अर्थ इथं समजावून सांगावा लागत नाही.

चावडीपुढे कुणबी, मराठा, महार असे सगळ्या घरांतले आलेत. नेहमी इतक्या जवळ ते बसत नाहीत. खोताच्या मापापुढे सगळे सारखेच नागवले जातात, हे आज पहिल्यांदा उघड बोललं जातंय. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण दादा देतो. तळं नगरपालिकेचं, म्हणजे सगळ्यांच्या पैशानं राखलेलं. सी. के. बोल्यांच्या १९२३ च्या ठरावानं अशी सार्वजनिक ठिकाणं सर्वांना खुली ठरली. सुरबानाना टिपणिसांच्या महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरी पाणी मिळालं नाही. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. या वर्षी मार्चमध्ये हायकोर्टानं निकाल दिला, तळं सर्वांचं. "कर घेताना कोणी जात विचारत नाही," दादा म्हणतो, "मग हक्क देताना का विचारतात?"

दासगाव ते मुंबई, जानेवारी १९३८

पौषातली थंडी. मध्यरात्री तुम्ही वाडीतून निघता. भाकरी फडक्यात बांधलेल्या, वर सुकट. सावित्रीच्या कडेनं महाडकडे चालताना वाटेत दुसऱ्या वाड्यांची माणसं मिळत जातात. कोणाच्या हातात कंदील, कोणाच्या हातात पलिता. पहाटे महाड ओलांडून दासगावच्या बंदरावर. इथं खाडी रुंद होते, भरतीच्या पाण्यावर लाँच लागते. डेकवर दाटीवाटीनं बसून तुम्ही बाणकोटच्या मुखाकडे निघता, आणि तिथून समुद्रानं मुंबई.

ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक; कुठून कुठून कुळं आलीत. बंदरावर उतरलेल्या हजारो अनवाणी पायांना मुंबईचे डांबरी रस्ते नवे आहेत. लाल निशाणं वर येतात. आझाद मैदानाकडे मिरवणुका सरकतात. गिरणीतले कामगार रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते बघत नाहीत, आत शिरतात. त्यांतले निम्मे तुमच्याच गावचे आहेत. "खोती नष्ट झालीच पाहिजे!" अशी घोषणा तुमच्या तोंडून निघते आणि तुम्हीच दचकता. गावात हा शब्द असा मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता.

बाबासाहेब बोलतात, शामराव परुळेकर बोलतात. मागण्या सरळ आहेत: खोती बंद करा, थकलेला सारा माफ करा, शेतमजुराला किमान मजुरी द्या. शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना भेटतं. मंत्रिमंडळ काँग्रेसचं आहे, आपल्या माणसांचं आहे. तरी मिळतात ती आश्वासनं. विधेयक पुढं सरकत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट यावर उभी आहे. गोऱ्या गव्हर्नराखाली आपली माणसं मंत्री झाली, आणि कुळाच्या खळ्यात पायली तीच राहिली.

परतताना लाँचवर कोणी फारसं बोलत नाही. पण गावात पाय ठेवताच तुम्हाला काही बदललेलं जाणवतं. पुढच्या खळ्यात कारकून पायलीवर दाणा शिगेला चढवू लागतो, तेव्हा बा पहिल्यांदा हात पुढे करून रास सपाट करतात. कारकून बघतो. बा बघतात. कारकून पुढचं माप घेतो.

महाड, १० सप्टेंबर १९४२

साडेचार वर्षं उलटली. गुरुवार, श्रावण अमावास्या. पाऊस उघडीप देत नाही. गणपती तोंडावर आलेत, आणि आयेनं पिठोरीचं व्रत धरलंय. संध्याकाळी ती पुऱ्या-खिरीचं ताट डोक्यावर धरून, पाठ फिरवून विचारणार, "अतीत कोण?" आणि लेकरानं मागून म्हणायचं, "मी आहे." मुलं जगावीत म्हणून हे व्रत.

युद्ध घरात शिरलंय. मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला, आणि कोकणच्या बाजारात भाताचा भाव आवाक्याबाहेर गेला. रॉकेल मिळत नाही. वाडीतली तरणी पोरं सैन्यात भरती झालीत. कोण आफ्रिकेत, कोण कुठं, पत्रावरून कळत नाही. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, दुसऱ्या पहाटे पुढारी तुरुंगात गेले, आणि मग गावोगावची माणसंच पुढारी झाली.

आज महाडच्या कचेरीवर मोर्चा आहे. नाना पुरोहित पुढे आहेत.

निघण्याआधी तुम्ही दादाच्या दारात थांबता. तो गिरणी सोडून गावी आलाय.

"येतोस ना?"

तो बराच वेळ पावसाकडे बघतो. "गोरा गेला तर खोत जाईल का?"

तुमच्याजवळ उत्तर नाही. बाबासाहेब यंदा जुलैपासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य आहेत. दादाला त्यांच्यावर विश्वास आहे, आणि १९३८ ची आश्वासनं तो विसरलेला नाही. तुम्हीही विसरलेला नाही. पण तुम्हाला वाटतं, खोताचा हप्ता ज्या कचेरीत जमा होतो तिच्यावर झेंडा कोणाचा आहे, यालाही अर्थ आहे. दोघांनाही आपापलं खरं दिसतंय. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवता आणि एकटे निघता.

महाडात शिरता तेव्हा रस्त्यावर पाणी आणि माणसं. विद्यार्थी आहेत, शेतकरी आहेत, दुकानांच्या फळ्या लावून आलेले व्यापारी आहेत. तिरंगा भिजून काठीला चिकटतो, पुन्हा फडकवला जातो. "भारत माता की जय", "चले जाव". या कचेरीच्या पायऱ्या तुम्ही लहानपणी बांसोबत पाहिल्यात. हात जोडून, खाली मान घालून, अर्ज हातात धरून. आज मान वर आहे.

पुढं पोलीस. खाकी कपडे, बंदुका, आणि त्यांच्या मागे कचेरी. त्यांतला एखादा चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटतो. याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी वाडीतला, त्याचेही बा कोणाच्या तरी खळ्यावर उभे राहिले असतील. मग आवाज. आधी वाटतं फटाका. मग कोणीतरी पडतं, आणि गर्दी मागं नि पुढं एकाच वेळी सरकते.

कमलाकर दांडेकर. वसंत दाते. अर्जुन कडू. विठ्ठल बिरवाडकर. नथू टेकावले. महाडनं ही नावं हुतात्मे म्हणून जपली आहेत. ती एका दमात वाचा. आडनावांकडे पाहिलंत तर दिसेल, ज्या समाजात पाण्यासाठी पंधरा वर्षांपूर्वी लाठ्या चालल्या, त्याच समाजातली वेगवेगळ्या घरांतली माणसं त्या दिवशी एकाच रस्त्यावर पडली. कर भरणाऱ्या, राज्य सोसणाऱ्या या तालुक्यानं साम्राज्याला दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते रक्तानं दिलेलं होतं.

रात्री तुम्ही वाडीत पोचता. दादा वाटेवरच उभा आहे. तो काही विचारत नाही, तुमचा ओला हात धरून घराकडे नेतो. आतून आयेचा आवाज येतो, "अतीत कोण?" आणि तुम्ही मोठे झालेले असूनही उत्तर देता.

कागदावर नाव

दादाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही उभा होता, आणि त्याचं उत्तर पंधरा ऑगस्टला आपोआप मिळालं नाही. मुंबई सरकारनं १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा केला आणि १९५० पासून तो अमलात आला. सारा वसूल करणारा मधला माणूस गेला. तरी खोताच्या खासगी जमिनी त्याच्याचकडे राहिल्या, आणि तिथली कुळं कुळंच राहिली. मग कूळ कायद्यातल्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. किंमत ठरली, हप्ते पडले, खटले चालले, काही कुळं कागदाअभावी हरलीही. पण वीस वर्षांपूर्वी वेठीला जाणाऱ्या हजारो घरांची नावं तलाठ्याच्या दप्तरात लिहिली गेली.

आपण १९४२ चा मोर्चा साजरा करतो. चवदार तळ्यावर दर मार्चला हजारो माणसं येतात. १९३८ साली लाँचमधून मुंबईला गेलेल्या कुळांचा दिवस मात्र कोणी पाळत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की हे तीन लढे वेगळे करून बघितले तर एकही नीट कळत नाही. परकं राज्य आपल्या गावात आपल्याच माणसाच्या हातून चालतं: मापाच्या पायलीतून, पाण्याच्या काठावरून, कचेरीच्या पायरीवरून. म्हणून झेंडा उतरवणारा आणि पायली सपाट करणारा, दोघांनीही तेच राज्य हलवलं. एकानं दुसऱ्याला देशद्रोही म्हणावं किंवा दुसऱ्यानं पहिल्याला भोळा म्हणावं, हा हक्क आपल्याला, त्यांच्या कमाईवर जगणाऱ्यांना, नाही.

तुमचं मूळ गाव या खोऱ्यात असेल, किंवा कोकणातल्या कुठल्याही खोती गावात, तर एक काम करा. आपल्या जमिनीचा सातबारा काढा, आणि त्यावर थांबू नका; जुने फेरफार मागा. वहिवाट, खंड, कूळ, खोत, अशा नोंदींमधून तुमच्या पणज्याचं नाव कधी मालक म्हणून आलं ते वर्ष शोधा. ते वर्ष मुलांना सांगा, आणि ते कोणामुळे उजाडलं तेही सांगा: कचेरीपुढं पडलेल्यांमुळे, तळ्यावर गेलेल्यांमुळे, आणि भाकरी फडक्यात बांधून मुंबईला निघालेल्यांमुळे.